वेशीबाहेरची हवा

आटगावच्या नाक्यावर किंवा मुरबाडच्या एसटी स्टँडवर हवेचा विषय निघाला की दोन प्रश्न हमखास येतात. पहिला : “ठाण्याची हवा सुधारायची म्हणून ट्रक शहरात सोडत नाहीत, मग ते इकडे हायवेला रांगा लावून उभे राहतात. हवा सुधारली, की नुसती सरकली?” दुसरा प्रश्न जास्त करून पिकअपवाल्याचा असतो : “माझी गाडी डिझेलची, बारा वर्षांची. उद्या मुंबईत डिझेल बंद केलं तर भेंडी काय डोक्यावर नेऊ?”

दोन्ही प्रश्न अगदी रास्त आहेत. शहरातल्या चर्चासत्रांत ते फारसे विचारले जात नाहीत, कारण तिथे बसलेली माणसे वेशीच्या आतली असतात. आटगाव मध्य रेल्वेच्या कसारा मार्गावर, मुंबईच्या सीएसएमटीपासून ९५ किलोमीटरवर आहे. शेजारून मुंबई–आग्रा महामार्ग जातो आणि पलीकडे तानसाचे जंगल व जलाशय आहे. शहर इथून दूर असले तरी शहरात जाणारा माल इथूनच जातो. म्हणून शहरी वाहतूकबंदी आणि स्वच्छ हवेचे धोरण समजून घ्यायला ठाण्याच्या तीन हात नाक्यापेक्षा आटगावचा नाका बरा, असे माझे मत आहे.

१. धुरात असते काय?

डिझेलच्या नळकांड्यातून काळा धूर निघतो तो डोळ्यांना दिसतो, पण त्यातला सर्वांत घातक भाग दिसत नाही. एका मिलिमीटरचे चारशे भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढ्या किंवा त्याहून बारीक कणांना पीएम २.५ म्हणतात. हे कण नाकातल्या केसांना किंवा घशातल्या ओलाव्याला दाद देत नाहीत. ते फुप्फुसाच्या शेवटच्या टोकापर्यंत जातात आणि त्यातले काही रक्तातही उतरतात. चारपट मोठे, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंतचे कण धरले की पीएम १० होते. रस्त्यावरची माती, खडीची भुकटी आणि बांधकामाची धूळ बहुतांशी या गटात मोडते.

एवढा फरक लक्षात ठेवला तरी पुढचे बरेचसे सोपे होते. मोठे कण जड असल्यामुळे उडाले तिथल्या आसपासच बसतात, तर बारीक कण दिवसेंदिवस हवेत तरंगतात आणि शेकडो किलोमीटर जातात. धूळ गावापुरती राहू शकते, धूर राहत नाही.

गाडीतून याखेरीज नायट्रोजनची ऑक्साइडे बाहेर पडतात. उन्हात त्यांच्यापासून जमिनीलगतचा ओझोन तयार होतो आणि काही भागाचे पुन्हा बारीक कण बनतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्ये डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या पदार्थांच्या पहिल्या गटात टाकले. तंबाखूचा धूर त्याच गटात आहे.

आणखी एक गोष्ट रस्त्याकाठच्या घरांसाठी महत्त्वाची आहे. वाहनांच्या धुराची मात्रा रस्त्यालगतच्या पहिल्या दीड-दोनशे मीटरांत सर्वांत जास्त असते आणि पुढे झपाट्याने उतरते. महामार्गाला टेकून असलेले हॉटेल, टपरी, शाळा आणि पाचशे मीटर आतला पाडा यांची हवा एक नसते, मग दोघांचा पिनकोड एकच का असेना.

२. आकडा कसा वाचायचा?

“ठाण्याचा एक्यूआय दीडशे” अशी बातमी आपण वाचतो. हा हवेचा निर्देशांक देशात २०१५ पासून जाहीर होतो. पन्नासपर्यंत चांगली हवा, शंभरपर्यंत समाधानकारक, दोनशेपर्यंत मध्यम, तीनशेपर्यंत वाईट, चारशेपर्यंत फार वाईट आणि त्यापुढे गंभीर, अशा त्याच्या पायऱ्या आहेत.

हा आकडा निघतो कसा ते एका उदाहरणावरून पाहू. समजा एखाद्या ठिकाणी चोवीस तासांची सरासरी काढली आणि पीएम २.५ घनमीटरला ७५ मायक्रोग्रॅम भरले. ६१ ते ९० या पट्ट्याला निर्देशांकाची १०१ ते २०० ही पायरी दिलेली आहे. ७५ हा आकडा पट्ट्याच्या साधारण मध्यावर येतो, म्हणून त्याचा निर्देशांक सुमारे १५० होतो. त्याच ठिकाणी पीएम १० भरले १४०. त्याच्यासाठी १०१ ते २५० हा पट्टा त्याच पायरीवर बसतो. १४० हा त्याच्या सुमारे पाव अंतरावर आहे, म्हणून निर्देशांक १२७ च्या आसपास येतो. आता या दोघांची बेरीज किंवा सरासरी करायची नाही. जो जास्त, तोच त्या दिवसाचा एक्यूआय, म्हणजे १५०.

यातून एक गंमत बाहेर येते. महापालिकेने रस्त्यावर पाण्याचे फवारे मारले आणि धूळ बसून पीएम १० चा आकडा १४० वरून १०० वर आला, तरी बातमीतला एक्यूआय १५० च राहील. फवाऱ्यांचे फोटो छान येतात, पण बारीक कणांचा उगम बंद होत नाही तोवर आकडा हलत नाही.

दुसरी मेख चोवीस तासांच्या सरासरीत आहे. रात्री दहा ते दोन या वेळात रस्त्याकडेला धुराचा लोट उठला आणि दिवसभर हवा बरी राहिली, तर सरासरीत तो लोट विरून जातो. त्या चार तासांत तिथे झोपलेल्या माणसाच्या छातीत मात्र तो विरत नाही. आपल्याकडे पीएम २.५ ची चोवीस तासांची मर्यादा ६० आणि वर्षाची ४० आहे. ही मानके २००९ ची आहेत. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये हेच आकडे १५ आणि ५ वर आणले.

३. गाड्या अडवण्याच्या तऱ्हा

गाड्यांवर निर्बंध घालणे म्हणजे एकच गोष्ट, असे आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्यामागचे हेतू वेगवेगळे असतात आणि वाद बहुतेक वेळा तिथेच अडकतो.

सर्वांत जुनी तऱ्हा जागेची आहे : अमुक हद्दीत गाडी आणायचीच नाही. त्यासाठी लंडनला जायला नको, माथेरान जवळच आहे. दस्तुरी नाक्याच्या पुढे मोटार जात नाही. फेब्रुवारी २००३ मध्ये माथेरान पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र म्हणून अधिसूचित झाले आणि त्या बंदीला कायद्याचे आणखी बळ आले. पण गाडी नाही म्हणजे ओझे नाही असे होत नसते. माणसे ओढतात त्या हातरिक्षा तिथे चालू राहिल्या. ई-रिक्षा आणायच्या की नाहीत यावर रिक्षाचालक, घोडेवाले आणि पर्यावरणप्रेमी यांच्यात वर्षानुवर्षे वाद झाला. शेवटी ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करून ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देण्याची व्यवस्था करायला सांगितले. हवा स्वच्छ होती, आणि तिची किंमत माणसाच्या खांद्यावर होती.

दुसरी तऱ्हा वेळेची, म्हणजे आपल्या ओळखीची ‘नो एन्ट्री’. अवजड वाहनांनी गर्दीच्या वेळी शहरात शिरायचे नाही. ठाण्यात हेच चालते. घोडबंदर रस्त्यावरच्या कोंडीने हैराण झालेल्या रहिवाशांनी २०२५ मध्ये वारंवार आवाज उठवला, तेव्हाही अवजड वाहनांना दिवसा बंदी ही त्यांची मुख्य मागणी होती. दिल्लीतला सम-विषम प्रयोग, म्हणजे एक दिवस सम तर एक दिवस विषम क्रमांकाच्या गाड्या, याच जातीचा. जानेवारी २०१६ मध्ये तो पंधरा दिवस चालला. दुचाकींना त्यातून सूट होती आणि दिल्लीत दुचाकीच सर्वांत जास्त, त्यामुळे रस्ते मोकळे झाल्यासारखे वाटले तरी हवेवरच्या परिणामाबद्दल तज्ज्ञांचे एकमत झाले नाही.

तिसरी तऱ्हा गाडीच्या वयाची व इंधनाची, तिच्याकडे पुढे येतो. चौथी पैशाची : गर्दीच्या भागात यायचे तर या, पण दाम मोजा. लंडनने फेब्रुवारी २००३ पासून असा आकार लावला. मुंबईने ऑक्टोबर २०२४ मध्ये उलट पाऊल टाकले आणि शहराच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ केला. त्याच काळात उच्च न्यायालय मुंबईच्या हवेची स्वतःहून दखल घेऊन सुनावणी करत होते. एका हाताने गाड्यांना बोलवायचे आणि दुसऱ्या हाताने धुराची चिंता करायची, हा आपल्याकडचा शिरस्ताच आहे.

यांतली वेळेची बंदी कोंडीसाठी असते, हवेसाठी नव्हे. जुना काळा धूर ओकणारा ट्रक आणि कालच शोरूममधून निघालेला ट्रक तिला सारखेच. दोघेही सकाळी अडतात आणि दोघेही रात्री सुटतात. तिच्या माथ्यावर ‘स्वच्छ हवा’ अशी पाटी लावणे ही फसवणूक आहे. शहराला कोंडी सोडवायची असेल तर ती गरजही खरी आहे, तेव्हा तिचे नावही तेच ठेवावे.

४. वेशीवर थांबलेला ट्रक

ठाणे ट्रक अडवते ते हौसेने नव्हे. उरणच्या बंदरातून नाशिककडे किंवा गुजरातकडे जाणारा कंटेनर मुंब्रा बायपास, खारेगाव, माणकोली असा ठाणे–भिवंडीच्या कडेकडेने जातो. त्याला ठाण्यात काहीच उतरवायचे नसते, दुसरा सोयीचा रस्ता नाही म्हणून तो इथून जातो. त्यात भिवंडीच्या गोदामांची वर्दळ मिसळते. माजिवडा ते वडपे हा रस्ता रुंद करण्याचे काम वर्षानुवर्षे चालले आणि पावसाळ्यात त्याच पट्ट्यातले खड्डे वर्तमानपत्रांचा नेमाचा विषय झाले.

अशा रस्त्याला बंदी घातली की काय होते, हे भातशेती करणाऱ्याला सांगावे लागत नाही. वरच्या खाचराने मोरी बंद केली म्हणून पाऊस थांबत नाही, पाणी शेजारच्या खाचरात शिरते आणि त्याचा बांध फुटतो. ट्रक तेवढेच, माल तेवढाच. फक्त ते पडघ्याला, वाशिंदला, आसनगावला, खर्डीला थांबतात. ५ जून २०२५ रोजी समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा ७६ किलोमीटरचा शेवटचा टप्पा खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा नागपूर–आमणे रस्ता पूर्ण झाला. तो शहापूर तालुक्यातूनच जातो. नागपूरहून सुसाट येणारी वाहने भिवंडीजवळ आमण्याला उतरतात आणि त्याच जुन्या रस्त्याला लागतात. (उद्घाटनाचा दिवस जागतिक पर्यावरण दिनाचा होता. हा योगायोगच असावा.)

आता हिशेब करू. थांबलेला ट्रक इंजिन बंद करून उभा असेल तर धूर शून्य. पण रांग पुढे सरकत असेल, तर चालक इंजिन बंद करत नाही. मोठे डिझेल इंजिन नुसते चालू ठेवले तरी तासाला दोन लिटरच्या आसपास डिझेल पिते. समजा शंभर ट्रक एक तास असे रखडले. २०० लिटर डिझेल जळाले आणि गाडी एक किलोमीटरही धड गेली नाही. लिटरला ९० रुपये धरले तर हा १८,००० रुपयांचा धूर झाला. पैसे ट्रकमालकाचे, छाती नाक्यावरच्या चहावाल्याची.

याच्या जोडीला रात्रीची अडचण येते. दिवसा ऊन जमीन तापवते, तापलेली हवा वर चढते आणि धुराला आपल्याबरोबर उंच नेते. दुपारी धूर मिसळायला एक किलोमीटर किंवा त्याहून उंच जागा मिळते. हिवाळ्याच्या रात्री जमीन लवकर थंड होते, तिच्यालगतची हवा जड होऊन खालीच बसते आणि मिसळायची जागा काही शे मीटरांवर येते. तेवढाच धूर कमी जागेत कोंडला की त्याची मात्रा वाढते. डिसेंबर-जानेवारीत पहाटे शेतावर जो धुरकट थर दिसतो, त्यात धुक्याइतकाच याचाही वाटा असतो. दिवसाची बंदी ट्रकना नेमके याच वेळेकडे ढकलते. रात्री रस्त्यावर माणसे कमी असतात, ही तिची जमेची बाजू. पण रस्त्याकाठी घर असलेला माणूस रात्री कुठे जाणार?

५. बारा वर्षांचा पिकअप

आता दुसऱ्या प्रश्नाकडे वळू. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने, मुख्य न्यायमूर्ती देवेंद्रकुमार उपाध्याय आणि न्यायमूर्ती गिरीश कुलकर्णी यांच्या खंडपीठाने, मुंबईतली पेट्रोल-डिझेलची वाहने टप्प्याटप्प्याने बंद करता येतील का याचा अभ्यास करायला सांगितले. त्याच आदेशात लाकूड-कोळशावरच्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत गॅस किंवा अन्य स्वच्छ इंधनाकडे वळायलाही सांगितले होते. २२ जानेवारीला राज्य सरकारने निवृत्त सनदी अधिकारी सुधीरकुमार श्रीवास्तव यांच्या अध्यक्षतेखाली सात जणांची समिती नेमली. तिला महानगर प्रदेशापुरता विचार करून तीन महिन्यांत अहवाल द्यायचा होता. समितीत परिवहन आयुक्त, वाहतूक पोलीस, गॅस कंपनी, वीज कंपनी आणि वाहन उत्पादकांची संघटना यांचे प्रतिनिधी होते. रोज पहाटे भाजी घेऊन शहरात जाणाऱ्यांचा प्रतिनिधी नव्हता.

अभ्यास करायला सांगणे म्हणजे बंदी नव्हे, हे पिकअपवाल्याने आधी ध्यानात घ्यावे. तरीही जुन्या गाडीवर बोट का ठेवले जाते, ते समजून घेणे भाग आहे. गाड्यांच्या धुराची मर्यादा ‘भारत स्टेज’ या पायऱ्यांनी ठरते. आपण बीएस-३, बीएस-४, बीएस-६ म्हणतो त्या. बीएस-३ ट्रकच्या इंजिनाला जेवढे बारीक कण सोडायची मुभा होती, त्याच्या दहाव्या हिश्श्याचीच मुभा बीएस-६ इंजिनाला आहे. म्हणजे कागदावर एक बीएस-३ ट्रक दहा बीएस-६ ट्रकांइतका धूर सोडू शकतो. हे शक्य झाले ते डिझेलमधला गंधक घटवल्यामुळे. बीएस-३ च्या डिझेलमध्ये दहा लाख भागांत ३५० भाग गंधक चालत असे, बीएस-४ मध्ये ५० आणि बीएस-६ मध्ये फक्त १०. गंधक कमी झाल्यावरच धुराच्या नळीत कण पकडणारी गाळणी टिकते. १ एप्रिल २०२० पासून देशभर बीएस-६ लागू झाले.

यात गावाकडच्या माणसाला लागेल अशी एक गोष्ट आहे. एप्रिल २०१० मध्ये बीएस-४ आले ते आधी मुंबईसारख्या निवडक १३ शहरांत. बाकी देशाच्या मोठ्या भागात बीएस-३ गाड्या पुढेही विकल्या जात होत्या. शेवटी सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१७ रोजी आदेश देऊन १ एप्रिलपासून त्यांची विक्री थांबवली. म्हणजे शहराबाहेरच्या माणसाला कायद्यानेच जास्त धुराची गाडी विकली गेली. आता तीच गाडी शहराच्या वेशीवर अपराधी ठरते. पिकअपवाला जुनी गाडी चालवतो यात त्याचा हट्ट नसतो. नव्या गाडीचा हप्ता भेंडीच्या भावातून निघत नाही, हे त्याचे गणित आहे.

मग जुन्या गाड्या चालूच द्यायच्या? तसे अजिबात नाही. मुंबईच्या टॅक्सी एके काळी डिझेलच्या होत्या. १९९९ च्या जनहित याचिकेनंतर उच्च न्यायालयाच्या आदेशांनी त्या सीएनजीवर गेल्या. आरडाओरड झाली, पण टॅक्सी बंद पडल्या नाहीत. गॅसचे पंप उभे राहिले आणि बदलासाठी मुदत मिळाली, म्हणून ते जमले. आदेशाआधी किंवा आदेशाबरोबर पर्याय उभा करणे, एवढेच त्याचे रहस्य होते.

६. हद्द कोणाची?

ठाणे जिल्ह्यात सात तालुके आहेत. त्यांपैकी शहापूर आणि मुरबाड मुंबई महानगर प्रदेशाच्या नकाशात नाहीत. केंद्राने जानेवारी २०१९ मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू केला. त्याच्या यादीत महाराष्ट्रातली १९ शहरे आली, त्यांत ठाणे, नवी मुंबई, उल्हासनगर आणि बदलापूर आहेत. निधी, कृती आराखडे, मोजणीची यंत्रे या यादीमागे जातात. शहापूर-मुरबाड त्यात नसणार हे उघड आहे, कारण योजनाच शहरांची आहे.

वाऱ्याला ही यादी माहीत नाही. दुपारी समुद्रावरून येणारा वारा शहराची हवा पूर्वेला सह्याद्रीकडे ढकलतो, रात्री-पहाटे तो उलटतो. जेवढ्या मुलखात हवा अशी फिरत राहते, त्या सगळ्याला तज्ज्ञ ‘एअरशेड’ म्हणतात आणि धोरण त्याच्यासाठी आखा असे सांगतात. दिल्लीने ठेचा खाऊन ते मान्य केले. शेजारच्या राज्यांतल्या जिल्ह्यांसह संपूर्ण परिसरासाठी २०२१ मध्ये कायद्याने एक आयोग नेमला गेला. त्याआधी २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीत शिरणाऱ्या ट्रकांवर पर्यावरण भरपाईचा आकार लावला होता. पण ट्रकना जायला खरा दुसरा रस्ता मिळाला तो २०१८ मध्ये, पूर्व आणि पश्चिम परिघावरचे द्रुतगती मार्ग खुले झाल्यावर.

वेशीबाहेरच्यांची तक्रार फक्त आपल्याकडचीच, असेही नाही. लंडनने २०१९ मध्ये जास्त धुराच्या गाड्यांवर दिवसाला साडेबारा पौंड आकार लावला आणि २९ ऑगस्ट २०२३ पासून तो संपूर्ण शहराच्या हद्दीत नेला. जुनी गाडी मोडीत काढायला अनुदान ठेवले, पण ते लंडनच्या रहिवाशांना. हद्दीबाहेरच्या सरे परगण्यातून रोज कामाला येणाऱ्यांना आकार लागू, अनुदान नाही. सरेची परिषद लंडनमधल्या चार नगरपरिषदांसह न्यायालयात गेली आणि हरली. स्टॉकहोममध्ये २००६ साली सात महिने गर्दीचा आकार लावून पाहिला. वाहतूक सुमारे पाचव्या हिश्श्याने घटली. मग सप्टेंबरमध्ये सार्वमत घेतले. शहराने होकार दिला, तर आजूबाजूच्या ज्या नगरपालिकांनी आपापले मतदान घेतले तिथे एकूण कौल विरोधात गेला. आकार २००७ पासून कायम झाला. हवा सुधारली हे खरेच, आणि आत राहणाऱ्याला फायदा व बाहेरून येणाऱ्याला बिल हेही तितकेच खरे.

आपल्याकडे यात एक जास्तीची बोच आहे. मुंबईला पाणी देणारे तानसा धरण १८९२ चे. मुंबईच्या सात जलाशयांतला सर्वांत मोठा भातसा शहापूर तालुक्यातच आहे. तरी याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकर फिरतात. पाण्यासाठी शहराची हद्द सव्वाशे वर्षांपूर्वीच इथवर आली. हवेचा हिशेब मांडताना ती कल्याणच्या अलीकडे संपते.

७. आपलाही धूर आहे

एवढे सगळे शहराच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे, पण खरे नाही. दिवाळीनंतर ग्रामीण ठाण्यात वीटभट्ट्या पेटतात आणि पावसाळ्यापर्यंत धुमसत राहतात. तिथे राबणारी कातकरी कुटुंबे, लहान मुलांसकट, त्या धुरातच राहतात. खडी क्रशरची पांढरी भुकटी झाडांच्या पानांवर दिसते. त्या विटा आणि ती खडी शहरातल्या टॉवरलाच लागते हे मान्य, पण भट्टी आपल्या हद्दीत असते आणि ग्रामपंचायत तिला ओळखते. रस्त्याकडेला प्लॅस्टिकसकट कचरा पेटवायला कोणी मुंबईहून येत नाही. चुलीपुढे बसणाऱ्या बाईच्या नाकात रोज जाणारे बारीक कण तर नाक्यावरच्या ट्रकच्या धुरापेक्षाही जास्त भरू शकतात, कारण घर बंद असते आणि चूल फुटावर.

८. मग मागायचे काय?

‘बंदी हवी’ आणि ‘बंदी नको’ या दोन्ही घोषणा मला अपुऱ्या वाटतात. आटगावच्या बाजूने बोलायचे तर पहिली मागणी मोजणीची हवी. महामार्गालगत तासातासाचा आकडा देणारे एक तरी यंत्र बसवा, आणि शहरातल्या बंदीची वेळ बदलण्यापूर्वी व नंतर बाहेरच्या रस्त्यावर काय झाले ते जाहीर करा. मोजमाप नसेल तर तुमची तक्रार ही फक्त तक्रारच राहते.

ट्रक थांबवायचेच असतील, तर ते रस्त्याच्या कडेला न थांबवता वस्तीपासून दूर, पक्क्या तळावर थांबवावेत. शौचालय, पाणी, झोपायची जागा, आणि कधी सुटायचे ते मोबाइलवर कळण्याची सोय असली की चालक इंजिन बंद करून निवांत पडतो. रांगेत पुढे राहण्याची धास्ती असते म्हणूनच तो ते चालू ठेवतो. शहरात शिरायची सवलत द्यायची तर ती धूर बघून द्यावी : बीएस-६, सीएनजी, विजेवरचे वाहन आधी. जुना पिकअप बदलायचे अनुदान मात्र रहिवासाच्या दाखल्यावर अडवू नये. जो त्या बाजारात रोज माल नेतो, तो त्या धोरणाचा लाभार्थी असलाच पाहिजे. लंडनने सरेच्या बाबतीत केलेली चूक इथे गिरवायचे कारण नाही.

आणि रेल्वे. कल्याण–इगतपुरी मार्गावर १९३० पर्यंत वीज आली होती. म्हणजे सर्वांत स्वच्छ वाहन आटगावच्या फलाटावर जवळपास शंभर वर्षे येत आहे, फक्त ते पुरेसे येत नाही. बऱ्याच गाड्या आसनगावलाच संपतात. त्यामुळे पुढच्या स्टेशनांवरचा माणूस दुचाकी काढतो आणि आसनगावचा वाहनतळ भरतो. कल्याण–कसारा तिसरी मार्गिका लवकर पुरी होणे आणि कसाऱ्याच्या फेऱ्या वाढणे, यासारखा स्वच्छ हवेचा कार्यक्रम या पट्ट्यात दुसरा नाही. मुरबाडला तर रेल्वेच नाही. तिथे एसटीच्या गाड्या वेळेवर आणि भरपूर असणे हेच हवेचे धोरण.

हे मागायला व्यासपीठ कोणते, असे विचाराल तर ते गावातच आहे. शहापूर तालुका अनुसूचित क्षेत्रात येतो, म्हणून इथे १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. त्यानुसार प्रकल्पासाठी जमीन घेण्यापूर्वी ग्रामसभा किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीशी सल्लामसलत करावी लागते. उद्या ठाण्याची कोंडी फोडण्यासाठी शहापुरात ट्रकतळ करायचे ठरले आणि त्यासाठी जमीन घ्यावी लागली, तर तो विषय तुमच्यापुढे यायला हवा. त्या दिवशी ग्रामसभेला हजर राहा आणि अटी लेखी मांडा.